समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं, पण किती?

प्रश्न असा आहे. १२ व्होल्टचा सप्लाय. त्याच्या प्लसला १०० ओहमचा एक रेझिस्टर. त्याच्या पुढच्या टोकाला २२० आणि ३३० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर, आणि त्या दोघांची खालची टोकं सप्लायच्या मायनसला. ३३० वरचं व्होल्टेज किती? विचारणाऱ्याने ‘समांतर म्हणजे व्होल्टेज सारखं’ या नियमाने १२ लिहिलं. पुस्तकाच्या मागे ६.८३ आहे. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायचा छिद्रांचा बोर्ड) जोडून पाहिलं तर मीटर ८.२५ दाखवतो, आणि वर २२० चा रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. मग खरं उत्तर कुठलं?

पुस्तक बरोबर आहे. मीटरही खरं सांगतोय, फक्त तो पुस्तकातल्या सर्किटबद्दल सांगत नाहीये; ते पुढे येईलच. नियमसुद्धा खरा आहे, पण तो जेवढं सांगतो त्याहून जास्त त्याच्या तोंडी घातलं गेलंय.

‘समांतर म्हणजे व्होल्टेज सारखं’ हे दोन शाखांचं आपसातलं नातं आहे. २२० वर जितकं, तितकंच ३३० वर. ते ‘जितकं’ म्हणजे किती, याबद्दल नियम गप्प आहे. इमारतीला समोरून एक आणि मागून एक असे दोन जिने असले आणि दोन्ही तळमजल्यावरून गच्चीवर जात असले, तर दोन्ही सारखेच उंच चढतात. गच्ची किती उंच आहे ते मात्र जिन्यांना विचारून कळत नाही.

म्हणून सूत्राला हात लावण्याआधी आकृतीतले नोड ओळखा. नोड म्हणजे नुसत्या वायरीने जोडलेला सगळा भाग. मध्ये रेझिस्टर किंवा बॅटरी आली की तो नोड तिथे संपला. रंगीत पेन्सिली घ्या. सप्लायच्या प्लसपासून लाल रंगाने वायर गिरवत निघा आणि १०० च्या पायापाशी थांबा. १०० च्या दुसऱ्या पायापासून हिरवा सुरू करा. तो २२० आणि ३३० च्या वरच्या पायांपर्यंत पोचतो. उरलेलं, म्हणजे दोघांचे खालचे पाय आणि सप्लायचा मायनस, काळ्याने. हिरव्याला ‘अ’ म्हणू, काळ्याला ‘ब’. २२० आणि ३३० दोघेही हिरव्या-काळ्याच्या मध्ये आहेत, म्हणून ते समांतर. सप्लाय लाल-काळ्याच्या मध्ये आहे. लाल आणि हिरवा वेगळे निघाले, तिथेच १२ हे उत्तर बाद झालं. १०० च्या जागी साधी वायर असती तर लाल-हिरवा एकच रंग झाला असता आणि १२ ला पूर्ण मार्क मिळाले असते.

हा रंगांचा खेळ पोरकट वाटतो, पण आकृत्या फसव्या असतात. शेजारी-शेजारी उभे काढलेले दोन रेझिस्टर समांतर असतीलच असं नाही, आणि पानाच्या दोन कोपऱ्यांत काढलेले दोन कधी कधी पक्के समांतर निघतात. दोन्ही टोकांचे रंग जुळले तरच समांतर.

आता हिशेब. आधी २२० आणि ३३० मिळून एकच रोध, म्हणजे ‘सम रोध’, किती होतो ते काढू. गुणाकार भागिले बेरीज:

२२० × ३३० ÷ (२२० + ३३०) = ७२,६०० ÷ ५५० = १३२ ओहम

कॅल्क्युलेटर नसेल तर शाळेतला लसावि कामाला येतो. २२० आणि ३३० चा लसावि ६६०. या जोडीला ६६० व्होल्ट दिले असं कागदावर समजा. २२० मधून ३ अँपिअर जातील, ३३० मधून २, एकूण ५. मग ६६० भागिले ५, म्हणजे १३२. ही युक्ती तीन-चार शाखांनाही तशीच चालते. २००, ३०० आणि ६०० समांतर असतील तर लसावि ६००, करंट ३, २ आणि १, एकूण ६, उत्तर १०० ओहम. गुणाकार-भागिले-बेरीज मात्र फक्त दोघांपुरतं आहे. तिघांचा गुणाकार करून तिघांच्या बेरजेने भागलं तर इथे ३२,७२७ असला काहीतरी आकडा येतो. त्याचं एककही ओहम नसतं, ओहमचा वर्ग असतं, आणि तिथेच शंका यायला हवी.

काही जण व्यस्तांची (१ भागिले रोध) बेरीज करून शेवटी ती उलटी करतात. त्यांची नेहमीची चूक म्हणजे शेवटी उलटं करायला विसरणं. १/२२० + १/३३० केलं की ०.००७५८ येतं, आणि घाईत तोच रोध म्हणून पुढे वापरला जातो. यावर एक झटपट चाचणी आहे: दोन रोध समांतर असतील तर उत्तर लहान रोधापेक्षा कमी आणि लहान रोधाच्या निम्म्यापेक्षा जास्त असलंच पाहिजे. (दोघे अगदी सारखे असतील तर बरोबर निम्मं.) इथे ते ११० आणि २२० च्या मध्ये यायला हवं. १३२ आलं, ठीक.

आता सर्किट साधं एकसर (एकामागोमाग एक) झालं: १०० आणि १३२, एकूण २३२ ओहम.

करंट = १२ ÷ २३२ = ०.०५१७२ अँपिअर, म्हणजे ५१.७ मिलीअँपिअर
अ-ब मधलं व्होल्टेज = ०.०५१७२ × १३२ = ६.८३ व्होल्ट

मधला आकडा लवकर तोडू नका. ०.०५१७२ चं ‘साधारण ०.०५’ केलं तर उत्तर ६.६ येतं, आणि मग पद्धत बरोबर असून आपलंच चुकलं असं वाटत राहतं. त्यापेक्षा करंटच्या वाटेला न जाता थेट १२ × १३२ ÷ २३२ करा. एकच भागाकार, शेवटी एकदाच पूर्णांकन.

पडताळा घ्यायला अर्धा मिनिट लागतो. ६.८३ ÷ २२० = ३१.० मिलीअँपिअर, ६.८३ ÷ ३३० = २०.७ मिलीअँपिअर, बेरीज ५१.७. वरून आलेला करंट आणि खाली वाटला गेलेला करंट जुळला. १०० वर ५.१७ व्होल्ट पडले, खाली ६.८३, बेरीज १२. किर्चहॉफने १८४५ मध्ये मांडलेले दोन्ही नियम (एक करंटच्या बेरजेचा, एक व्होल्टेजच्या) इथे एका ओळीत तपासून होतात.

दुसरी वाट नोडच्या समीकरणाची. माझ्या मते ही आधीपासूनच सवयीची करावी, कारण सर्किट जरा वाकडं झालं की ‘समांतर काढा, एकसर जोडा’ हा मार्ग अडकतो आणि ही वाट अडकत नाही. ‘अ’ चं व्होल्टेज ‘व’ धरा. ‘अ’ मध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो:

(१२ − व) ÷ १०० = व ÷ २२० + व ÷ ३३०

१००, २२०, ३३० चा लसावि ३,३००. सगळ्याला त्याने गुणा:

३३ × (१२ − व) = १५व + १०व
३९६ = ५८व
व = ६.८३

सम रोध काढायची गरजच पडली नाही.

परीक्षेत हाच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतो. सप्लायच्या दोन टोकांना शाखा थेट जोडलेल्या असतील तर करायचं काहीच नसतं; उत्तर म्हणजे सप्लायचं व्होल्टेज, आणि रोधांचे आकडे फक्त करंट काढायला दिलेले असतात. एकूण करंट दिला असेल तर सम रोधाने गुणा: वरच्या २००, ३००, ६०० च्या त्रिकुटात मिळून ५० मिलीअँपिअर जात असतील तर ०.०५ × १०० = ५ व्होल्ट. एकाच शाखेचा करंट दिला असेल तर आणखी सोपं. त्याच शाखेच्या रोधाने गुणा आणि थांबा, कारण एका शाखेवर जे आलं तेच सगळ्यांवर. ३०० मधून १६.६७ मिलीअँपिअर जातात असं दिलंय? ०.०१६६७ × ३०० = ५ व्होल्ट, संपलं. इथे घोटाळा होतो तो एका शाखेचा करंट सम रोधाने गुणल्यामुळे. ज्याचा करंट, त्याचाच रोध.

आता तो ८.२५.

३३० ची शाखा पूर्ण काढून टाका आणि हिशेब करा: १२ × २२० ÷ (१०० + २२०) = ८.२५. बरोबर तोच आकडा. म्हणजे तुमच्या ब्रेडबोर्डवर ३३० चा रेझिस्टर दिसतोय, पण सर्किटमध्ये नाहीये. त्याचा एक पाय कुठेतरी हवेत आहे. २२० तापतो तोही याचाच पुरावा. शाखा एकटी पडल्यावर त्यात ३७.५ मिलीअँपिअर जातात, आणि ८.२५ × ०.०३७५ म्हणजे ०.३१ वॅट उष्णता त्या एकट्या रेझिस्टरमध्ये होते. बाजारात मुठीने मिळतो तो पाव वॅटचा. चटका बसणारच.

पण एक दुसरा संशयितही आहे, त्याला सोडू नका. ३३० च्या जागी ३.३ किलोओहमचा लागला असेल तर जोडीचा सम रोध २०६ येतो आणि मीटर ८.०८ दाखवेल. सोनेरी पट्टीचे रेझिस्टर पाच टक्क्यांनी इकडे-तिकडे असतात, त्यामुळे ८.०८ आणि ८.२५ यांतला फरक नुसत्या व्होल्टेजवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. ३३० चे रंग नारिंगी-नारिंगी-तपकिरी, ३.३ किलोचे नारिंगी-नारिंगी-लाल. ट्यूबच्या उजेडात तो तपकिरी आणि तो लाल एकमेकांची सोंगं घेतात. रंगांवर वाद घालण्यापेक्षा रेझिस्टर बोर्डावरून उपटा आणि मीटरने मोजा.

बोर्डावरच शोधायचं असेल तर असं करा. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. काळा प्रोब सप्लायच्या मायनसला धरून ठेवा, हलवू नका. लाल प्रोब ३३० च्या एकेका पायाला टेकवा. छिद्रात नाही, पायाच्या उघड्या तारेवर. खालचा पाय मायनसला नीट जोडलेला असेल तर तिथे शून्य दिसेल. तिथेही ८.२५ दिसत असेल तर तुटक खालच्या बाजूला आहे: शाखेत करंटच नाही, म्हणून रेझिस्टरवर काही पडत नाही, आणि वरचं व्होल्टेज जसंच्या तसं खालच्या पायावर उतरतं. उलट वरच्या पायावरही शून्य दिसत असेल तर तुटक वर आहे. यावरून आणखी एक गोष्ट कळते. तुटक असेल तर तुमचं ८.२५ हे ३३० च्या दोन पायांमध्ये मोजलेलं नसणार, ‘अ’ आणि मायनसमध्ये मोजलेलं असणार. ३३० च्या पायांना प्रोब लावले असते तर शून्य दिसलं असतं आणि दोष लगेच पकडला गेला असता. ‘समांतर आहे, कुठेही मोजलं तरी तेच’ हे गृहीत धरायचं नाही. ज्याचं व्होल्टेज हवं, त्याच्याच पायांवर मोजायचं.

तुटक बहुतेकदा तीन ठिकाणी सापडते. पाय शेजारच्या ओळीत गेलेला असतो. पाय फार आखूड कापल्यामुळे आतल्या पत्रीपर्यंत पोचत नाही. आणि तिसरी जागा भल्याभल्यांना चकवते: लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या प्लस-मायनसच्या पट्ट्या काही बोर्डांत मध्यावर तुटलेल्या असतात. छापलेली लाल-निळी रेघ मध्येच खंडित दिसली तर आतला पत्राही तिथे खंडित आहे असं समजा. सप्लाय डाव्या अर्ध्यात आणि ३३० चा खालचा पाय उजव्या अर्ध्यात गेला, तर नेमकं तुमच्यासारखंच होतं. मध्ये एक जंपर, म्हणजे जोडणारी छोटी वायर, टाका.

याच सर्किटसाठी बाकीचे आकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण चुकलेला आकडाच दोषाची जागा सांगतो. ९.२१ आलं तर २२० तुटलाय. पूर्ण १२ आलं तर दोन्ही शाखांची खालची वाट तुटलीय, किंवा १०० च्या दोन पायांमध्ये शॉर्ट आहे. दुसऱ्या प्रकारात २२० वर ०.६५ वॅट जातील, म्हणजे काही क्षणांत वास येईल. शून्य आलं तर १०० तुटलाय, नाहीतर ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये शॉर्ट आहे आणि १०० वर १२ चे १२ व्होल्ट बसलेत. त्याचे १.४४ वॅट होतात, पाव वॅटचा रेझिस्टर ते फार वेळ सोसत नाही. हा शॉर्ट अनेकदा मीटरच करतो: आधी करंट मोजून झालेला असतो, लाल प्रोब अँपिअरच्या भोकातच राहतो, आणि तसाच समांतर लावला जातो. अँपिअरवर ठेवलेला मीटर म्हणजे जवळजवळ नुसती वायर.

सप्लाय काढून ओहममध्ये मोजणं हा सगळ्यात शांत मार्ग. सप्लायच्या दोन्ही वायरी बोर्डावरून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण अडॅप्टरच्या आतून १०० च्या मार्गे तिसरी शाखा तयार होते. मग ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये मोजा. १३२ च्या आसपास आलं तर जोडणी ठीक. २२० आलं तर ३३० तुटलेला. २०६ आलं तर ३.३ किलो लागलाय.

जोडणी दुरुस्त झाल्यावरही एक गोष्ट राहतेच. बरोबर जोडलेल्या सर्किटमध्येसुद्धा १०० वर ५.१७ × ०.०५१७ म्हणजे ०.२७ वॅट जातात, पाव वॅटच्या वर. २२० वर ०.२१, ३३० वर ०.१४. पुस्तकवाल्यांनी आकडे सोपे निवडले, ते वापरणाऱ्याच्या बोटांचा विचार न करता. नेहमीचा दंडक असा की रेझिस्टर त्याच्या क्षमतेच्या निम्म्यावर वापरावा. तेव्हा एकतर १०० एक वॅटचा आणि २२०, ३३० अर्ध्या वॅटचे घ्या, नाहीतर तिन्ही दहापट करा: १ किलो, २.२ किलो, ३.३ किलो. करंट दहावा हिस्सा होतो, पॉवर दहावा हिस्सा होते, आणि व्होल्टेज? तेच ६.८३. कारण व्होल्टेज रोधांच्या आकड्यांवर नाही, गुणोत्तरावर ठरतं: १३२ ÷ २३२ असो की १३२० ÷ २३२०. शिकण्यासाठी किलोओहमच बरे. गणितही सुटसुटीत होतं, कारण किलोओहम गुणिले मिलीअँपिअर थेट व्होल्ट देतं आणि शून्यं मोजत बसावं लागत नाही.

आता मीटर ६.८३ दाखवेल का? बहुतेक नाही, आणि दाखवलं नाही म्हणून घाबरू नका. पाच टक्के फरकाचे रेझिस्टर असले तर सगळ्यात वाईट जुळणीत हे उत्तर ६.५३ पासून ७.१२ पर्यंत कुठेही येऊ शकतं. दुसरं कारण सप्लाय. ट्रान्सफॉर्मरचा जुना ‘१२ व्होल्ट’ अडॅप्टर लोड नसताना सहज १५-१६ व्होल्ट देतो. आधी सर्किट जोडलेलं असताना सप्लायच्या टोकांवर मोजा, आणि जे येईल त्याला ०.५६९ ने गुणा (१३२ ÷ २३२). तिन्ही रेझिस्टर वेगळे मोजून त्यांचे खरे आकडे घातले तर कागद आणि मीटर दुसऱ्या दशांशापर्यंत जुळायला हरकत नाही.

तिसरं कारण मीटर स्वतः. मीटर समांतर लावतो आपण, म्हणजे तोही एक शाखाच झाला. बऱ्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, स्वस्त पिवळ्या ८३० जातीच्या बऱ्याच मीटरांचा १ मेगाओहम. किलोओहमच्या सर्किटमध्ये दोन्ही चालतात. पण हेच सर्किट १, २.२ आणि ३.३ मेगाओहमने बांधून बघा: कागदावर तेच ६.८३, पण १० मेगाओहमचा मीटर ६.४६ दाखवेल आणि १ मेगाओहमवाला थेट ४.३५. मीटर खोटं बोलत नाही. त्याने प्रोब टेकवताक्षणी सर्किट बदलून टाकलं आणि बदललेल्या सर्किटचं व्होल्टेज इमानदारीने सांगितलं. काट्याच्या मीटरवर ‘२ किलोओहम प्रति व्होल्ट’ असं छापलेलं असेल तर १० च्या रेंजवर त्याचा रोध अवघा २० किलोओहम. तो आपल्या किलोओहमच्या सर्किटलाही खाली ओढतो: ६.६४ दिसेल.

हा १०० चा रेझिस्टर पुस्तकाबाहेर कुठे असतो असं वाटत असेल तर घरातली वायरिंग बघा. सगळे पॉइंट २३० व्होल्टला समांतर आहेत असं आपण म्हणतो, पण विजेच्या मीटरपासून खोलीपर्यंतची वायर सगळ्यांना सामाईक आहे, आणि तीच आपला १००. दीड चौरस मिलीमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. खोली ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७२ ओहम. हजार वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते आणि वायरीतच ३ व्होल्ट जातात. त्या वायरीवरचा बल्बही तेवढाच उतरतो. समांतर आहे ना, इस्त्रीवर जे तेच बल्बवर.

आणि सामाईक न्यूट्रल तुटला की हाच हिशेब घरं जाळतो. तीन फेजच्या इमारतीत एका फेजवर हजार वॅटचा गिझर आणि दुसऱ्यावर शंभर वॅटचं सामान चालू आहे, तिसऱ्यावर काही नाही, आणि मेन न्यूट्रल निसटला. आता दोन्ही लोडचं सामाईक टोक, म्हणजे इथला ‘अ’ नोड, मोकळं झालं. दोन फेजमधले सुमारे ४०० व्होल्ट दोन्ही लोडवर एकसर बसतात: गिझर ५३ ओहम, शंभर वॅटवालं ५२९ ओहम. छोट्याच्या वाट्याला ३६० व्होल्ट जातात. एका मजल्यावर दिवे मंद आणि दुसऱ्यावर नको तितके लख्ख, असं दिसलं की मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. ते स्वतः तपासायचं काम नाही.

शेवटचा प्रकार, कारण यापुढचा प्रश्न हमखास हाच असतो: एका नोडवर दोन सप्लाय. समजा ‘अ’ ला १२ व्होल्ट १ किलोमधून आले, ५ व्होल्ट २.२ किलोमधून आले, आणि ३.३ किलो खाली मायनसला. यात समांतर-एकसर असं काही शोधायला जाऊ नका; रंग लावून बघा, कुठल्याच दोघांची दोन्ही टोकं जुळत नाहीत. नोडचं समीकरण मात्र तसंच लागू पडतं. प्रत्येक सप्लायला त्याच्या रोधाने भागा, बेरीज करा, आणि सगळ्या रोधांच्या व्यस्तांच्या बेरजेने भागा:

व = (१२ ÷ १ + ५ ÷ २.२) ÷ (१ ÷ १ + १ ÷ २.२ + १ ÷ ३.३) = १४.२७ ÷ १.७५८ = ८.१२ व्होल्ट

याला मिलमनचं प्रमेय म्हणतात. पडताळा: १ किलोमधून ३.८८ मिलीअँपिअर आत येतात, ३.३ किलोमधून २.४६ बाहेर जातात, आणि उरलेले १.४२ मिलीअँपिअर २.२ किलोमधून ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये शिरतात. हो, शिरतात. ‘अ’ ८.१२ वर आहे, सप्लाय ५ वर, म्हणजे करंट उलटा वाहतोय. कागदावरच्या सप्लायला त्याचं काही वाटत नाही. बोर्डावर तिथे ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावला असेल तर वाटतं: तो करंट देण्यासाठी बनवलाय, बाहेरून आलेला करंट फारसा गिळू शकत नाही, आणि त्याचं आउटपुट ५ च्या वर सरकू शकतं. मग ८.१२ येत नाही आणि गणित चुकलं असं वाटतं. ७८०५ च्या आउटपुटवर मायनसकडे ४७० ओहमचा एक रेझिस्टर टाका. तो ५ व्होल्टवर १०.६ मिलीअँपिअर घेतो, उलटे आलेले १.४२ त्यातच मुरतात, आणि रेग्युलेटरला उरलेले नऊ-सव्वानऊ स्वतःहून द्यावे लागतात.